डिप्टीचं पोट

माझ्या कामाच्या आयुष्यात मी सर्वांत जास्त काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. पण संपादकांनी ‘अगदी मोकळेपणाने लिहा’ असं कळवलं आहे, तेव्हा पुढची जबाबदारी त्यांच्यावर टाकून लिहून मोकळी होते. कुत्र्यांची शी. तेहेतीस वर्षं. जबलपुरात ओमतीजवळ माझा दवाखाना होता आणि लोक तपासणीसाठी ती आगपेटीत, लोणच्याच्या बरणीत, मिठाईच्या डब्यात घालून आणायचे. एका दिवाळीत माझ्या कम्पाउंडरने असा एक डबा आभार मानून घेतला आणि घरी न्यायच्या पिशवीत ठेवला. वेळेवर माझ्या लक्षात आलं म्हणून त्याचा संसार टिकला.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. वडील इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. मुलीला डॉक्टरीला प्रवेश मिळाला म्हणून त्यांनी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटले. जनावरांची डॉक्टर, हे त्यांनी लोकांना जरा सावकाशीने सांगितलं. पुढे मला सगळं ओमती ‘कुत्तेवाली दीदी’ म्हणून ओळखायला लागलं आणि वडिलांनी ते नाव ऐकून दोन दिवस अबोला धरला. मला मात्र ते आवडायचं. अजून आवडतं.

बाहेरच्या माणसाला धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कुत्र्याच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. त्यातले बरेचसे भले असतात. ते अन्न पचवायला मदत करतात, जागा अडवून बसतात आणि वाईट जंतूंना शिरू देत नाहीत. कुत्रा आजारी पडला की आपण अँटिबायोटिक देतो. ते औषध भला-बुरा पाहत नाही, सगळ्यांनाच झोडपतं. मग वस्ती विस्कटते आणि कुत्र्याला जुलाब लागतात. अशा वेळी बाहेरून भले जंतू पाठवायचे, त्याला प्रोबायोटिक म्हणतात. बाजारात त्याची पांढरी भुकटी पुडीत मिळते. आणि त्या जंतूंना जगायला शिधा लागतो, तो प्रीबायोटिक. कुत्र्याला स्वतःला न पचणारा पण जंतूंना मानवणारा चोथा, लाल भोपळ्यातला, इसबगोलातला. नुसते जंतू पाठवले आणि शिधा दिला नाही तर ते दोन-चार दिवसांत मागच्या दाराने निघून जातात.

ऐकायला सोपं वाटतं. पण माझी गिऱ्हाईकं सोपी नव्हती. एका हलवायाचा पामेरियन रोज सकाळी खोव्याची जलेबी खायचा आणि ‘दूध ही तो है’ असं मला समजावलं जायचं. एका प्राध्यापकबाईंनी मोबाइलवर वाचलं की कांदा आणि लसूण हे उत्तम प्रीबायोटिक आहेत. माणसासाठी ते खरंही आहे. पण कुत्र्याच्या रक्ताला ते विष. बाईंनी आठ दिवस आपल्या कुत्र्याला प्रेमाने लसणाची चटणी चारली आणि पांढऱ्याफटक हिरड्यांचा कुत्रा उचलून माझ्याकडे धावत आल्या. तो वाचला, पण माझा आवाज बसला, कारण मी बाईंवर फार ओरडले. माझा स्वभाव तापट आहे. डोकं चालायच्या आधी माझं तोंड चालतं. याचा फटका पुढे एका भल्या बाईला बसला आणि तीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, गजभिये काका पहिल्यांदा दवाखान्यात आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. तयार माल तपासून पास किंवा रिजेक्ट करायच्या विभागात त्यांची सारी नोकरी झाली होती. सोबत तपकिरी रंगाचा कुत्रा, बाप लॅब्राडोर आणि आई आपल्या गल्लीतली. नाव डिप्टी.

“नोकरीत मी सोता डिप्टी होता होता राहिलो जी,” काका म्हणाले, “म्हणून घरात एक ठेवला.”

खरं तर तो त्यांच्या बायकोने आणला होता. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून काका आणि डिप्टी एकाच खोलीत झोपत, एकाच वेळी फिरायला जात, आणि माझा संशय आहे की एकाच आवाजात घोरत.

डिप्टीचं पोट उन्हाळ्यापासून बिघडलं होतं. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ, चिकट शी. काकांची सांगायची पद्धत वेगळी होती. माणसं लाजत, वळसे घेत बोलतात. काका खिशातला कागद काढून वाचायचे: सोमवारी तीन वेळा, तिन्ही रिजेक्ट, मंगळवारी सकाळचा माल दुय्यम दर्जाचा, संध्याकाळचा रिजेक्ट. त्यांच्या मोबाइलमध्ये तारीखवार फोटो होते. इतका नेटका इतिहास मला कुठल्या सरकारी रुग्णालयाच्या कागदावर मिळाला नव्हता.

आणि प्रश्न नुसत्या पोटाचा नव्हता. काकांचा मुलगा प्रशांत रेल्वेत नोकरीला, आणि सून सुनीता गरोदर होती. पाचवा महिना. डिप्टीला आवरायचं नाही, तो कधी व्हरांड्यात घाण करायचा, कधी स्वयंपाकघराच्या दाराशी. प्रशांतने वडिलांना स्वच्छ सांगून टाकलं होतं की बाळ यायच्या आत कुत्रा बरा झाला तर ठीक, नाही तर तो इथून जवळच्या पाटनला सुनीताच्या मामांच्या शेतावर जाईल. तिथे मोकळी जागा आहे, राखणीला कुत्रा हवाच आहे. मुलाचं काही चूक नव्हतं. घरात तान्हं बाळ आणि जमिनीवर ही घाण, हे मीही चालू दिलं नसतं. पण सहा वर्षं माणसाच्या पलंगाखाली झोपलेला कुत्रा शेतावर साखळीला कसा राहील, हेही मला ठाऊक होतं.

मी कामाला लागले. शी तपासली, जंत नव्हते. तरी जंतांचं औषध दिलं. रक्त तपासलं, ते ठीक निघालं. अँटिबायोटिक दिलं, तर आठ दिवस सुधारला आणि औषध थांबताच परत तेच. उन्हाळ्यात दुसऱ्या कुणी डॉक्टरने तशीच दोन आवर्तनं देऊन झाली होती. म्हणजे आतल्या वस्तीची पार धूळधाण झालेली. मग मी पुड्यांवर आले. चिठ्ठीवर लिहिलं: तांदळाची पेज, उकडलेली कोंबडी, लाल भोपळा, आणि रोज दोन वेळा एक पुडी जेवणात मिसळून. काकांना म्हटलं, तीन आठवडे थांबा, फरक पडेल.

पडला नाही. काका दर शनिवारी कागद घेऊन यायचे आणि मान हलवायचे. मी पुडीची कंपनी बदलली. मग डोस वाढवला. मग मी तिसऱ्या कंपनीची महागडी पुडी मागवली. डिप्टीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. काका म्हणायचे, “तुम्ही सांगितलं तसंच करून राहिलो, ताई. एक वेळही नाही चुकली.” त्यांच्याकडे पाहून ते खोटं बोलत असतील असं वाटायचं नाही. मग माझ्या डोक्याने सोपा रस्ता धरला. काका चुकत नाहीत, मी तर चुकतच नाही, म्हणजे घरातलं तिसरं कुणीतरी कुत्र्याला काहीतरी चारतं आहे.

त्या आठवड्यात काकांचा गुडघा दुखत होता म्हणून सुनीता डिप्टीला घेऊन आली. सातवा महिना, चेहरा ओढलेला, ओढणी नाकाशी धरलेली. दवाखान्यात सहा-सात लोक बसले होते. ती दाराशीच उभी राहिली, आत येईना. मला ते दिसलं आणि मी मनात निकाल लावून टाकला. मी सगळ्यांसमोर म्हणाले की औषधाने गुण येत नाही, कारण घरात ज्याला कुत्रा नकोसा असतो त्याच्या हातून ताटात काहीतरी पडतंच. चपातीचा तुकडा, तळणीचं, मसाल्याचं. आणि वर हेही म्हणाले की पाटनला पाठवायचं ठरलंच असेल तर मला फुकट कशाला राबवता.

सुनीताने ओढणी खाली केली. पुड्यांचं पाकीट घेतलं, “नमस्ते, मॅडम” म्हणाली आणि डिप्टीला घेऊन निघून गेली. बाकावरच्या बायका माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मलाही तेव्हा आपण फार बाणेदारपणे बोललो असं वाटलं. त्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

चार-पाच दिवसांनी काका एकटेच आले. कागद नव्हता, मोबाइल खिशातच. समोर बसून त्यांनी मला एक गोळी लिहून मागितली. गाडीत डिप्टीला मळमळतं, आणि पाटनपर्यंत जीपमधून जायचं आहे. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. मामांशी बोलणं झालं होतं.

“रस्त्यात त्याले तरास नाही झाला पाहिजे,” ते म्हणाले. “तेवढी एक गोळी द्या, ताई. बाकी आता काही नाही मागत.”

मी पेन हातात घेतलं आणि मला ते चालवता आलं नाही. इतकी वर्षं मी मेलेल्या कुत्र्यांच्या मालकांना धीर दिला आहे, पण जिवंत, बरा होऊ शकणारा कुत्रा माझ्या अपयशाने घराबाहेर जातो आहे हे मला सहन होईना. मी चिठ्ठी बाजूला सारली आणि म्हटलं, गोळी नंतर बघू. उद्या संध्याकाळी डिप्टीच्या जेवणाच्या वेळी मी तुमच्या घरी येते. मी कधी घरी जात नसे. काकांना ते ठाऊक होतं. ते उठून उभेच राहिले.

कारखान्याच्या मागच्या वसाहतीत त्यांचं घर. पुढे छोटं अंगण, आत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, मूर्तीपुढे दोन ताजी फुलं. सुनीताने मला पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. मी तिच्याकडे पाहणं टाळलं. माझ्या मनात अजून संशय होता. मी खरं तर तिच्या स्वयंपाकघराची झडती घ्यायलाच गेले होते.

काका डिप्टीचा स्वयंपाक स्वतः करत. गॅसवर पातेलं, त्यात रटरट शिजणारी पेज. त्यात कोंबडीचे बारीक तुकडे, भोपळ्याचा गर. सगळं अगदी मी लिहिलं तसं. मग त्यांनी कात्रीने पुडीचं टोक कापलं, सगळी भुकटी त्या उकळत्या पातेल्यात टाकली, गाठी राहू नयेत म्हणून पळीने निगुतीने घोटली, वर झाकण ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं मुरू द्यायचं. मग थाळीत पसरून, वर्तमानपत्राने वारा घालून, कोमट झाल्यावर डिप्टीपुढे ठेवायचं. कुत्र्याला पोळू नये म्हणून वारा घालायचे, बरं का. इतकं प्रेम.

मी पातेल्याकडे बघत राहिले. मग जवळच्या खुर्चीवर बसले. विचारलं, काका, पुडी नेहमी अशीच टाकता?

“हमेशा,” ते म्हणाले. “गरम जेवणात चांगली मिसळते जी. आमच्या घरी ठंडं कोणीच खात नाही. चौतीस वर्षं सकाळी भरलेला डबा दुपारी ठंडा खाल्ला मी. रिटायर झालो त्या दिवशी हिच्या सासूले म्हटलं, आता या घरात माणूस असो का जनावर, ठंडं अन्न कोणाच्या ताटात नाही पडलं पाहिजे.”

मला हसावं की रडावं कळेना. अडीच महिने आम्ही डिप्टीला कोट्यवधी भले जंतू चारत होतो, सगळे उकडून. पुड्यांच्या तीन कंपन्या मी विनाकारण बदनाम केल्या होत्या. सुनीता पुढे आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी सांगितलं की पुडीत औषध नाही, जंतू आहेत, दह्यात असतात तसलेच, जिवंत. ते उकळीत मरून जातात.

सुनीता सासऱ्यांकडे वळली. “बाबा, उकळत्या दुधात विरजण टाकते का कोणी?”

काकांच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ती माझ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, पुडीत जिवंत काही आहे, हे तुम्ही आम्हाले सांगितलंच नाही ना. बाबा तर हुकमाचे ताबेदार. तुम्ही लिहिलं जेवणात मिसळून, त्यांनी मिसळलं.”

खरं होतं. माझी चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर आली. वर्षानुवर्षं मी तेच चार शब्द लिहीत होते आणि पुडी म्हणजे काय हे सांगायला मला कधी वेळ झाला नव्हता. जिच्या रोजच्या हातातली ही विद्या, ती बाई सगळा वेळ त्या घरातच होती, आणि मी तिला विचारायचं सोडून चार लोकांत चोर ठरवलं.

मी काही बोलणार तोच काका म्हणाले, ताई, सुनेबद्दल तुम्ही त्या दिवशी काय बोललात ते मला दुसऱ्यांकडून कळलं. तिने घरी सांगितलंच नाही. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी मान खाली गेली. पहाटे प्रशांत उठायच्या आत सुनीता उठायची आणि व्हरांड्यात डिप्टीने जे काही केलं असेल ते पुसून टाकायची. सातव्या महिन्यात, उलट्या होत असताना, नाकाला ओढणी लावून. नवऱ्याने रोजची घाण रोज पाहिली असती तर डिप्टी कधीच पाटनला गेला असता. आईंनी आणलेला कुत्रा आहे, एवढंच ती म्हणायची.

मग ओढणीचा अर्थ मला कळला. मी तिथे माफी मागायला हवी होती. मागितली नाही. हाताशी दहाच दिवस उरले होते आणि तेवढं निमित्त मला पुरलं.

मी चिठ्ठी नव्याने लिहिली आणि कारभार सुनीताकडे सोपवला. अँटिबायोटिक पूर्ण बंद. पेज शिजवून, निववून, बोट बुडवून बघायची. दही विरजायला दूध जितकं कोमट लागतं तितकं, जास्त नाही. पुडी आधी दोन चमचे थंड पेजेत कालवून ती चाटवायची, मग ताट. भोपळा आधी दोनच चमचे, तीन दिवसांनी तीन. काकांनी जेवण निवलेलं असावं ही कल्पनाच आधी पचवून घेतली. पहिल्या संध्याकाळी थाळीपुढे बसून ते डिप्टीला म्हणाले म्हणे, “माफ कर रे बाबा, डॉक्टरचा हुकूम आहे.”

तिसऱ्या दिवसापर्यंत काही फरक नाही. काकांचा फोन यायचा, आवाज खाली गेलेला. चौथ्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणाले, “दुय्यम दर्जा, पण आकार आहे जी.” मी दवाखान्यात एकटीच हसले. पाचव्या दिवशी मात्र सगळं बिनसलं. डिप्टीचं पोट फुगलं, गुडगुडायला लागलं, रात्री पुन्हा पातळ. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की चौथ्या दिवसाच्या आनंदात काकांनी सुनीताच्या नकळत भोपळा चमच्यांवरून वाटीवर नेला होता. जंतूंना एकदम मेजवानी मिळाली की ते पोटात वायू सोडतात. मी फोनवरच काकांवर तोंड सोडलं. या वेळी माणूस तरी बरोबर निवडला होता. एक दिवस भोपळा बंद, मग परत दोन चमचे.

सहाव्या दिवशी काकांचा फोन नाही. सातव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. आठव्याला दोन फोटो. मी ते माझ्या नवऱ्याला दाखवायला गेले. त्यांनी जेवणाच्या टेबलावरून उठून जाणं पसंत केलं. नवव्या दिवशी सुनीताने स्वतः फोन केला आणि सांगितलं की आज ती पहाटे पुसायला उठली, तर व्हरांड्यात पुसण्यासारखं काही नव्हतं. डिप्टी दाराशी बसून बाहेर नेण्याची वाट पाहत होता. ती परत जाऊन झोपली. कित्येक महिन्यांनी.

पण प्रशांतने जीप नको म्हणून सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी मला घरी बसवेना. मी पोचले तेव्हा मामांची जीप अंगणापुढे उभी होती. मामा ऐसपैस, हसरे; मागच्या सीटवर त्यांनी डिप्टीसाठी पोतं अंथरून आणलं होतं. दारामागे काकांनी भरलेली पिशवी होती: थाळी, साखळी, काकूंची जुनी शाल. प्रशांतने वडिलांना सांगितलं, “पापा, दो-तीन दिन ठीक रहने से क्या होता है,” आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तो सुधारल्यापासून तू एकदाही स्वतः पाहिलेलं नाहीस. आज पाहा, मग तुला जे करायचं ते कर.

मग आम्ही सगळे घरामागच्या मैदानात गेलो. काका, प्रशांत, सुनीता, मामा, जीपचा ड्रायव्हर आणि मी. सहा माणसं एका कुत्र्याकडे टक लावून उभी. डिप्टीला हा मान नवीन होता. त्याने कुंपण हुंगलं. एका दगडावर पाय वर केला. मग निवांत बसून कान खाजवला. मामा म्हणाले, गावात सरपंचाच्या मतांची मोजणी चालू असते तेव्हाही लोक इतके गप्प नसतात. कुणी हसलं नाही. माझ्या तळहातांना घाम आला होता. अनेक शस्त्रक्रिया मी केल्या, त्यात कधी आला नाही.

शेवटी डिप्टी उठला, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि बसला. काकांनी तोंड फिरवलं. प्रशांत पुढे गेला. हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता. तो वाकला, कागदाने उचललं, आणि जमिनीकडे पाहिलं. जमीन कोरडी होती. डाग नाही, चिकटपणा नाही. जसं असावं तसं.

“पापा, आप देख लो,” तो म्हणाला.

“मी नाही पाह्यत,” काका पाठमोरेच म्हणाले. “आज तपासणी तुझी.”

प्रशांतने पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. रेल्वेत सिग्नल खात्यात होता तो, उगाच हिरवा दाखवणारा नव्हे.

“पास है,” तो म्हणाला. मग मामांकडे वळून, मामा, चाय पिऊन जा, जीप रिकामीच परत जाईल, असं म्हणाला.

मी खरं सांगते, पदवी मिळाली त्या दिवशी मला जो आनंद झाला तो याच्यापुढे काहीच नव्हता. मी त्या मैदानात टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनेही वाजवल्या, कशासाठी ते त्याला नीट कळलं नव्हतं तरी. मामांनी चहाबरोबर दोन थाळ्या पोहे खाल्ले, डिप्टीच्या पाठीवर थाप मारली आणि जीप परत पाटनच्या रस्त्याला लागली. पोतं तेवढं ते ठेवून गेले.

सगळे ओसरीत बसले असताना मी उभी राहिले. चार लोकांत बोलले होते, तेव्हा चार लोकांतच परत घ्यायला हवं होतं. मी म्हटलं की दवाखान्यात मी सुनीताबद्दल जे बोलले ते खोटं होतं आणि नीच होतं, आणि डिप्टी आज या घरात आहे तो माझ्या पुड्यांमुळे जितका, तितकाच तिच्यामुळे. पुढच्या सोमवारी दवाखान्यातही मी हेच सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहीत गेले: पुडी जिवंत आहे, कोमट अन्नात. काही लोक घाबरून विचारायचे, जिवंत म्हणजे काय, आणि मग मला दोन मिनिटं बसून सांगावंच लागायचं.

सुनीताने माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. रागावली नाही, गोडही बोलली नाही.

“माफी राहू द्या, मॅडम,” ती म्हणाली. “एक विचारते, सच सांगा. बाळ आल्यावर डिप्टी त्याच्या पाळण्याजवळ येऊन बसला, तर चालन का?”

बाळांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. माझी पदवी चार पायांपुरती आहे. आईंनी आणलेला कुत्रा आईंच्या नातवंडाशेजारी बसेल का, एवढंच ती विचारत होती. मी डिप्टीच्या पोटावर हात ठेवला. मऊ, शांत, काही गुडगुड नाही.

“चालेल,” मी म्हणाले.

काका उठले. दारामागची पिशवी उचलून त्यांनी पलंगावर उलटी केली. थाळी ओट्याखाली ठेवली, साखळी खिळ्याला लावली. काकूंची शाल पलंगाखाली, डिप्टीच्या जागेवर, नीट दुमडून पसरली. रिकामी पिशवी झटकून त्यांनी काखेत मारली, चपला घातल्या आणि सुनीताला विचारलं की बाजारातून काय काय आणू. ती आतून यादी सांगत राहिली, आणि काका फाटकापर्यंत पोचायच्या आत डिप्टी त्यांच्या पुढे रस्त्यावर होता.